मागितला एक सेक्टर, आला दुसरा

जर्मनीतल्या आखन शहराच्या मधोमध एलीझेनब्रुनेन नावाची खांबांची लांब ओसरी आहे, १८२७ साली पुरी झालेली. तिथल्या नळांतून गरम पाणी अखंड वाहत असतं आणि गंधकाचा, म्हणजे सडक्या अंड्यासारखा, वास सुटलेला असतो. नवखा माणूस नाक दाबून फोटो काढतो आणि झरा पाहिल्याच्या समाधानात पुढे जातो. पण झरा तिथे नाहीच. पाणी येतं जवळच्या कायझरक्वेले या झऱ्यातून, जमिनीखालच्या नळाने. मुळाशी ते साधारण ५२ अंशांचं असतं. या गावाला पाणी वळवायची सवयच आहे. पाऊ आणि जोहानिसबाख हे ओढेसुद्धा रस्त्यांच्या पोटातून बंदिस्त वाहतात आणि पुढे वुर्म नदीला मिळतात. वर चालणाऱ्याला पत्ता नसतो.

याच गावात बसून मी लिनक्स कर्नलसाठी एक छोटं मॉड्यूल लिहिलं. त्याचं नाव ठेवलं ‘वळण’. त्याचं कामही असंच: प्रोग्रामने एका डिस्ककडे वाचायला मागावं आणि ते गुपचूप दुसऱ्या डिस्कवरून यावं. मोठी पण मंद डिस्क ‘अ’, छोटी पण वेगवान डिस्क ‘ब’. ‘अ’चा जो भाग सारखा वाचला जातो त्याची प्रत ‘ब’वर ठेवायची, आणि त्या भागाची मागणी आली की ‘ब’कडे पाठवायची. लिनक्समध्ये असली कामं करणारी डिव्हाइस मॅपर नावाची चांगली व्यवस्था आहे, २००३ च्या २.६ आवृत्तीपासून आहे. शहाण्याने तीच वापरावी. मला शिकायचं होतं, म्हणून सगळं हाताने केलं. लिहायला दोन संध्याकाळी पुरल्या. चुका शोधण्यात पुढचे कित्येक आठवडे गेले, आणि ते शोधणं कसं चालतं तेच इथे सांगतो.

आधी मागणी जाते कशी ते पाहू. डिस्क म्हणजे ५१२ बाइटांच्या खणांची रांग; प्रत्येक खण एक सेक्टर, त्याला शून्यापासून नंबर. कर्नलमध्ये प्रत्येक मागणीची एक चिठ्ठी तयार होते, तिला ‘बायो’ म्हणतात. (कोकणात पोरीबाळींना मारलेली हाक आठवते, पण इथे तो ‘ब्लॉक आय-ओ’चा संक्षेप आहे.) चिठ्ठीवर मुख्यतः चार गोष्टी असतात: कुठली डिस्क, कितव्या सेक्टरपासून किती, मिळालेला मजकूर मेमरीच्या कुठल्या पानांत ओतायचा, आणि काम झाल्यावर कुणाला हाक मारायची. वाचन वळवायचं म्हणजे यातल्या पहिल्या दोन नोंदी खोडून नव्या लिहायच्या आणि चिठ्ठी पुढे सरकवायची. बस. पूर्वी यासाठी डिस्कच्या रांगेतला एक फंक्शन पॉइंटर बदलायची पद्धत होती. २०२० साली आलेल्या ५.९ आवृत्तीत तो पॉइंटर त्या जागेवरून गेला आणि ‘सबमिट_बायो’ नावाने डिस्कच्या क्रियांच्या तक्त्यात बसला. त्याआधीची उदाहरणं उतरवून घेतली तर कंपाइलरच हाकलून देतो. हा त्यातल्या त्यात सुखाचा बग.

बाकीचे इतके प्रामाणिक नसतात. चुकीच्या सेक्टरवरून वाचलं तरी वाचन ‘यशस्वी’च होतं. कुठेही लाल अक्षरं नाहीत, एरर कोड नाही. ५१२ बाइट मागितले, ५१२ मिळाले. ते दुसऱ्याच घरातले आहेत हे सांगणार कोण? म्हणून कोडला हात लावण्याआधी मी डिस्कलाच बोलकं केलं. ६४ मेबीच्या दोन फायली घेतल्या, म्हणजे प्रत्येकी १,३१,०७२ सेक्टर. पायथनच्या चार ओळींनी प्रत्येक सेक्टरवर त्याचा स्वतःचा पत्ता छापला: ‘अ १००’, ‘अ १०१’, ‘अ १०२’, दुसऱ्या फाइलवर ‘ब १००’, ‘ब १०१’. आता कुठूनही काहीही वाचा, मजकूरच सांगेल की आपण कुठून आलो. या सगळ्या प्रकरणात मी केलेली सर्वात उपयोगाची गोष्ट हीच. डिबगर, ट्रेसर वगैरे मंडळी नंतरची.

आणि हे सगळं आभासी यंत्रात, म्हणजे क्यूईएमयू या प्रोग्राममध्ये. कर्नलमध्ये चूक झाली की प्रोग्राम बंद पडत नाही, अख्खं यंत्र आडवं होतं. या गावात कर्नल असा खोक्यात घालून चालवायची गोष्ट नवी नाही. इथल्या आरडब्ल्यूटीएच विद्यापीठात श्टेफान लांकेस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘हर्मिट’ नावाचं युनिकर्नल घडवलं, पुढे ते रस्ट भाषेत नव्याने लिहिलं. ते आभासी यंत्रात चालतं. माझा उद्देश फार साधा होता: यंत्र मेलं तर दहा सेकंदांत दुसरं उभं राहावं. दोन्ही फायली त्या यंत्राला डिस्क म्हणून जोडल्या. फाइल सिस्टिम मात्र चढवली नाही. फाइल सिस्टिमला चुकीचा सेक्टर वाचायला मिळाला तर ती त्यावर विश्वास ठेवून चुकीच्या जागी लिहिते, आणि मग मूळ चूक त्या ढिगाऱ्याखाली सापडत नाही. आधी नुसतं ‘डीडी’ या कमांडने कच्चं वाचन.

नियम ठरवला: ८१९२ ते १६३८३ हे सेक्टर ‘ब’वरून, बाकी सगळे ‘अ’वरून. दोन्हीकडे नंबर तेच. मॉड्यूल चढवलं आणि यंत्र तिथल्या तिथे कोसळलं. आभासी डिस्क जाहीर केल्याक्षणी कर्नल तिचा पार्टिशनचा तक्ता वाचायला धावतो, आणि माझी आतली मांडामांड अजून व्हायची होती. पाहुण्यांना आमंत्रण देऊन मग केर काढायला घेतला तर दुसरं काय होणार? क्रम उलटा केला: आधी सगळी तयारी, अगदी शेवटी जाहीर करणं.

पुढे ८१९२ वाचला, ‘ब ८१९२’ आला. आनंद झाला. मग हद्द बदलून मॉड्यूलला नवा नियम दिला, पुन्हा वाचलं, तरी उत्तर जुनंच. लॉगमध्ये माझ्या मॉड्यूलची ओळच नाही. एक तासभर मी नियम बदलणारा कोड वाचत बसलो, आणि तो बरोबर होता. चिठ्ठी माझ्यापर्यंत आलीच नव्हती. एकदा वाचलेला मजकूर कर्नल मेमरीतल्या पेज कॅशमध्ये ठेवतो आणि, डिस्क कुणीतरी उघडी धरून ठेवलेली असेल तोवर, पुढच्या वेळी तिथूनच देतो. डिस्कचं दार वाजतच नाही. उपाय दोन. डीडीला ‘डायरेक्ट’ वाचायला सांगायचं, म्हणजे कॅश टाळली जाते. किंवा ‘ड्रॉप_कॅशेस’ या फाइलमध्ये ३ लिहून कॅश रिकामी करायची. पहिला बरा. त्याचं आणखी एक कारण आहे: साध्या वाचनात कर्नल पुढचंही आगाऊ वाचून ठेवतो, सहसा १२८ केबीपर्यंत. तुम्ही मागता एक सेक्टर आणि मॉड्यूलला दिसते भलीमोठी मागणी. चाचणी करताना आपण काय मागितलं आणि खाली काय पोचलं हे एकच असलेलं बरं.

आता पार्टिशनचा बग. पत्ते छापून झाल्यावर ‘अ’ आणि ‘ब’ दोन्हींवर मी एकेक पार्टिशन, म्हणजे डिस्कचा वेगळा भाग, आखलं होतं; आभासी डिस्कवर ‘अ’चंच दिसत होतं, सेक्टर २०४८ पासून सुरू होणारं. हल्ली पार्टिशनं सहसा एक मेबीच्या अंतरावरच सुरू होतात, आणि २०४८ गुणिले ५१२ म्हणजे बरोबर तेवढं. त्या पार्टिशनचा ८००० वा सेक्टर वाचला. अख्ख्या डिस्कच्या हिशेबाने तो २०४८ अधिक ८०००, म्हणजे १००४८. हद्दीत आहे, तेव्हा ‘ब १००४८’ यायला हवा. आला ‘ब १२०९६’.

साध्या डिस्कवर हे मला कळलंच नसतं. काहीतरी बाइट आले असते. इथे वजाबाकी करता आली. १२०९६ वजा १००४८ बरोबर २०४८. कुणीतरी पार्टिशनचं अंतर दोनदा मिळवत होतं.

रविवारी मामांशी फोनवर बोलताना हे सांगितलं. मामा सांगली जिल्ह्यात तलाठी होते, निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली. कॉम्प्युटरशी त्यांचा संबंध व्हॉट्सॅपपुरता. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, “नंबर बरोबर आहे रे, पण कुठल्या कागदावरचा?”

“म्हणजे?”

“म्हणजे माणूस यायचा, साहेब माझा एकशे बाराचा उतारा द्या म्हणायचा. मी विचारायचो, सर्व्हे नंबर की गट नंबर? एकत्रीकरणात गट पडले, नंबर बदलले. जुना नंबर नव्या वहीत शोधलास तर जमीन मिळते, पण दुसऱ्याची.”

तेच झालं होतं. प्रोग्रामने पार्टिशनच्या हिशेबातला ८००० सांगितला. चिठ्ठी माझ्या ड्रायव्हरपर्यंत पोचायच्या आधीच ब्लॉक लेयरने तिचं अख्ख्या डिस्कच्या हिशेबात भाषांतर केलं होतं: १००४८. पार्टिशनमधून आलेल्या चिठ्ठीवर मी डिस्कचं नाव बदलताना ‘ब’चं नाव न लिहिता ‘ब’च्या पहिल्या पार्टिशनचं लिहिलं. चिठ्ठी पुन्हा ब्लॉक लेयरच्या हाती गेली. त्याने पाहिलं, ही पार्टिशनची चिठ्ठी, आणि इमानाने २०४८ मिळवले. त्याची काहीच चूक नाही. नंबर एका वहीतला होता आणि मी वही दुसरी दिली होती. तेव्हापासून कोडमध्ये प्रत्येक सेक्टर-नंबराच्या नावात तो कुणाच्या हिशेबातला ते लिहितो. नावं लांबलचक होतात, होऊ द्यावीत.

याची खात्री करायला ‘ब्लॉकट्रेस’ हे हत्यार उत्तम आहे. येन्स आक्सबो यांनी लिहिलेलं. प्रत्येक चिठ्ठीच्या प्रवासातला प्रत्येक टप्पा ते एका अक्षराने दाखवतं: ‘क्यू’ म्हणजे मागणी रांगेत आली, ‘डी’ म्हणजे ड्रायव्हरकडे दिली, ‘सी’ म्हणजे पूर्ण झाली. आणि ‘ए’ म्हणजे पत्ता बदलला. त्या ओळीत नवा नंबर, बाण आणि जुना नंबर असतो. पार्टिशनचं भाषांतर त्यात आपोआप उमटतं. आपल्या मॉड्यूलने केलेला बदल मात्र उमटत नाही, त्यासाठी ट्रेसची ती नोंद आपणच करावी लागते. डिव्हाइस मॅपर ती इमानदारीने करतो. मी केली नव्हती, त्यामुळे प्रवासातला नेमका माझाच मुक्काम नकाशात नव्हता.

त्याऐवजी मी काय करत होतो? प्रत्येक चिठ्ठीला लॉगमध्ये एक ओळ. आभासी यंत्राची मुख्य डिस्कही एकदा हौसेने ‘वळण’मधून नेली, तेव्हा त्यातली गंमत कळली. मी लॉगमध्ये ओळ टाकली, ती जपून ठेवायला जर्नलने डिस्कवर लिहिलं, त्या लिहिण्याची चिठ्ठी माझ्याकडे आली, मी तिची ओळ टाकली. यंत्र स्वतःशीच बडबडत गरम होत राहिलं. नोंदी मेमरीतल्या ट्रेस बफरमध्ये ठेवल्या की हे थांबतं, आणि वेगही मिळतो.

हद्दीवरचा बग किरकोळ वाटतो, पण फसवा आहे. ८१८४ पासून सोळा सेक्टर मागा. पहिले आठ ‘अ’चे, पुढचे आठ ‘ब’चे असायला हवेत. माझा कोड फक्त सुरुवातीचा नंबर बघून सगळी चिठ्ठी एकाच डिस्ककडे पाठवत होता. एकेक सेक्टर वाचणाऱ्या चाचण्या सगळ्या पास, आणि आगाऊ वाचन सुरू होताच घोळ. शिक्के मारलेल्या डिस्कवर तो लगेच दिसतो, कारण ‘अ ८१९१’ नंतर ‘अ ८१९२’ येतो. उपाय म्हणजे चिठ्ठी हद्दीवर फाडायची, दोन तुकडे दोन ठिकाणी पाठवायचे आणि दोन्ही परत आल्यावरच मूळ मालकाला हाक मारायची. कर्नलमध्ये चिठ्ठी फाडायला आणि तुकडे एकमेकांना साखळीने बांधायला तयार फंक्शनं आहेत. ती सोडून स्वतः मोजत बसू नये.

यानंतर जे घडलं त्याने मात्र घाम फोडला. ‘ब’वरची प्रत ताजी आहे की शिळी, याचा एक छोटा तक्ता मी ‘ब’च्याच शेवटी ठेवला. चिठ्ठी आली की आधी तक्ता वाचायचा, मग ठरवायचं. म्हणजे ‘सबमिट_बायो’ फंक्शनच्या आत आणखी एक वाचन, आणि ते पुरं होईपर्यंत थांबायचं. चालवलं. डीडी गप्प. यंत्र जिवंत होतं, दुसऱ्या खिडकीत सगळं चालू होतं, फक्त डीडी हलत नव्हता. कंट्रोल-सी, नाही. ‘किल -९’, तरी नाही. प्रक्रियांच्या यादीत त्याच्यापुढे ‘डी’ हे अक्षर: न उठवता येणारी झोप. दोन मिनिटांनी कर्नलनेच लॉगमध्ये तक्रार केली, की ही प्रक्रिया १२० सेकंदांहून जास्त अडकली आहे.

अशा वेळी ‘सिसआरक्यू-ट्रिगर’ या फाइलमध्ये ‘डब्ल्यू’ अक्षर लिहायचं. अडकलेल्या प्रत्येक प्रक्रियेचा स्टॅक, म्हणजे कुणी कुणाला बोलावलं याची उतरंड, लॉगमध्ये पडते. उतरंडीत सर्वांत वर वाट पाहणारं फंक्शन, त्याखाली माझं. ‘ब’ डिस्कला मात्र कसलीच मागणी गेलेली नव्हती. ब्लॉकट्रेसमध्ये तिच्या नावावर रांगेत आल्याचा ‘क्यू’ होता, पण ड्रायव्हरकडे दिल्याचा ‘डी’ नव्हता. मी पत्राच्या उत्तराची वाट बघत होतो आणि पत्र पोस्टातून निघालंच नव्हतं.

कारण असं. डिस्कवर डिस्क, तिच्यावर डिस्क अशा थरांत प्रत्येक थर पुढच्याला थेट बोलवत गेला तर कर्नलचा स्टॅक संपेल. ६४ बिटी इंटेल यंत्रावर तो जेमतेम १६ केबी असतो. म्हणून कर्नलने युक्ती केली आहे. एका ‘सबमिट_बायो’च्या आतून दुसरी चिठ्ठी दिली, तर ती लगेच पुढे जात नाही, त्या प्रक्रियेच्या खिशातल्या यादीत पडून राहते, आणि बाहेरचं फंक्शन परतल्यावर यादीतली एकेक काढून पाठवली जाते. युक्ती छान आहे, पण आतल्या चिठ्ठीची वाट बघणाऱ्याला ती मारते. मी परतल्याशिवाय चिठ्ठी जाणार नाही, आणि चिठ्ठीचं उत्तर आल्याशिवाय मी परतणार नाही. उपाय एकच, तिथे थांबायचं नाही. वाट बघण्याचं काम वर्कक्यूवर, म्हणजे कर्नलच्या वेगळ्या कामगारावर, सोपवायचं आणि आपण तडक परतायचं. किंवा माझ्यासारखं शहाणपण उशिरा सुचलं तर तक्ता सुरुवातीलाच एकदा वाचून मेमरीत ठेवायचा.

चिठ्ठी परत येते तेव्हाच्या चुका वेगळ्या. परतीची हाक बरेचदा इंटरप्टच्या संदर्भात येते, तिथे झोपता येत नाही: म्युटेक्स नाही, निवांत मेमरी मागणं नाही. कर्नल बांधताना त्यासाठीची तपासणी चालू ठेवली तर तो फंक्शनच्या नावासकट ओरडतो. दुसरं, परत आलेल्या चिठ्ठीवरच्या सेक्टर-नंबरावर भरवसा ठेवायचा नाही. काम होत जाईल तसा खालचा ड्रायव्हर तो आकडा पुढे सरकवू शकतो आणि उरलेली लांबी शून्य करू शकतो. माझ्या नोंदींत प्रत्येक वाचन शून्य बाइटांचं दिसत होतं ते त्यामुळे. पाठवण्याआधीच आकडे बाजूला उतरवून ठेवायला हवे होते. तिसरं, चिठ्ठी पाठवली की ती आपली राहत नाही. पाठवून झाल्यावरच्या ओळीत मी तिचा नंबर छापत होतो; तोवर काम उरकून तिची मेमरी परतही गेलेली असायची. बहुतेक वेळा आकडा बरोबरच यायचा, हे त्यातलं वाईट. केएसॅन ही मेमरी-तपासणी, जी २०१५ पासून कर्नलमध्ये आहे, तिने पहिल्याच फेरीत ओळीसकट पकडून दिलं.

आणि एक चूक मी चाचणीने नव्हे, निव्वळ वाचताना पकडली. ‘ब’कडून एरर आली तर ती मूळ चिठ्ठीवर उतरवायला मी विसरलो होतो. म्हणजे डिस्क म्हणते वाचता आलं नाही, आणि प्रोग्रामला मी सांगतो, झालं. शिक्के मारलेली डिस्क इथे मुकी, कारण तिची फाइल कधी बिघडतच नाही. डिव्हाइस मॅपरमध्ये ‘एरर’ नावाचं लक्ष्य आहे, प्रत्येक मागणीला नकार देणारं. ‘ब’च्या जागी ते बसवलं, तेव्हा कुठे डीडीने वाचता येत नसल्याचं कबूल केलं.

लिहिण्याचं काय, हा प्रश्न वाचकाच्या मनात केव्हाच आला असेल. मला उशिरा आला. लिखाण ‘अ’वर जातं, प्रत ‘ब’वर, म्हणजे हद्दीतल्या सेक्टरवर काही लिहिलं की पुढच्या वाचनात जुनंच दिसणार. यात कोड कुठेच चुकत नाही, ठरवलेलंच चुकीचं असतं. हद्दीत लिखाण आलं की ते ‘अ’कडे पाठवायच्या आधी तक्त्यात तेवढ्या भागावर शिळा म्हणून खूण करायची आणि तिथलं वळण बंद करायचं, एवढं केलं. प्रत पुन्हा ताजी करण्याच्या नादाला लागलो नाही; त्या वाटेने गेलेल्यांनी डीएम-कॅश आणि बीकॅश लिहिले आहेत, दोन्ही २०१३ मध्ये कर्नलमध्ये आले आणि दोन्हींत माझ्या मॉड्यूलच्या कित्येक पट कोड आहे.

राहिलं मॉड्यूल काढणं. ‘आरएमएमओडी’ केलं आणि अर्ध्या सेकंदाने यंत्र कोसळलं. उतरंडीत एका पत्त्यापुढे फंक्शनचं नावच नव्हतं. नाव असणार कुठून? काही चिठ्ठ्या अजून प्रवासात होत्या, त्यांच्या परतीची हाक माझ्या फंक्शनच्या पत्त्यावर मारायची होती, आणि त्या पत्त्यावरचं घर मी नुकतंच पाडलं होतं. मग बाहेर गेलेल्या चिठ्ठ्यांची मोजणी ठेवली: पाठवताना एक मिळवायचा, परतल्यावर एक वजा करायचा. काढताना आधी नव्या मागण्या बंद, मग मोजणी शून्य होईपर्यंत थांबायचं, मगच निघायचं. इथे थांबणं चालतं, कारण इथे आपण कुणाच्या ‘सबमिट_बायो’च्या पोटात नसतो.

या वेळी ‘आरएमएमओडी’ क्षणभर थबकलं आणि परतलं. मॉड्यूलच्या यादीत ‘वळण’ नव्हतं. मूळ डिस्ककडे थेट ८१९२ मागितला. ‘अ ८१९२’.